दोषासकट

जुन्या फेंडर बासच्या सगळ्यांत बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान कुठंतरी, एक सूर मेलेला असतो. अगदी मुका नसतो. बोट दाबून तार छेडली की तोही इतरांसारखाच उठतो, पण उठल्याबरोबर त्याचा पाया खचतो. मूळ सूर विरून जातो आणि वरच्या सप्तकातली एक बारीक रेघ तेवढी मागे राहते. शेजारच्या फ्रेटवरचा सूर चांगला घुमत असतो. याचं मात्र बोलणं सुरू होण्याआधीच आटोपतं. बासवाले याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. नवशिक्या आधी तार बदलतो, मग अ‍ॅम्पवर संशय घेतो, मग स्वतःच्या बोटावर. शेवटी कुणी जाणता भेटतो आणि सांगतो, बाबा रे, ती तशीच असते.

कारण साधं आहे. बासचा नेक म्हणजे एका टोकाला बॉडीत घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला चार जड खुंट्या लटकवलेली मेपलची लांब पट्टी. अशा पट्टीला स्वतःचं एक कंपन असतं. ‘जी’ तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सूर सेकंदाला साधारण १३१ कंपनांचा, सातव्या फ्रेटवरचा १४७ चा. नेकचं स्वतःचं कंपन बहुधा याच टापूत कुठंतरी पडतं. मग तार छेडली की तिच्यातली ताकद नेकच पिऊन टाकतो आणि कानापर्यंत यायला फारसं काही उरत नाही. खुंट्यांच्या बाजूला डोक्यावर एखादा जड चिमटा लावून बघा. वजन वाढलं की नेकचं कंपन खाली उतरतं आणि मेलेला सूर उठून बसतो. मरण मात्र टळत नाही, खालच्या फ्रेटकडे सरकतं.

आता या जुन्या बासचे ‘रीइश्यू’ निघतात. १९५४ ची, १९६० ची, १९६६ ची बास आज नवी कोरी विकत मिळते. तेच रंग, तशाच खुंट्या, त्याच गोलाईचा नेक, लोगोसुद्धा त्या काळच्या वळणाचा. मग प्रश्न असा येतो की जुनी वस्तू पुन्हा घडवताना तिच्यातल्या चुकाही पुन्हा घडवायच्या का? सत्तर वर्षांत कारागिरांना जे शहाणपण आलं ते खुंटीला टांगून? यावरून बासवाल्यांत हमरीतुमरी होते आणि मी तीत आनंदाने उतरतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जन्माला येताना बासने जे व्यंग आणलं ते तिला परत द्यावं. पुढच्या आयुष्यात तिला जे ओरखडे पडले ते देऊ नयेत. बाजारात आज बऱ्याचदा याच्या नेमकं उलट चालतं.

व्यंग आणलं ते कुणाच्या हातून, हे बघण्यासारखं आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. शिक्षण हिशेबनिसाचं. गिटार त्याला जन्मभर वाजवता आली नाही. १९५१ साली त्याने ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. तोवर बास म्हणजे पुरुषभर उंचीचा डबल बास. गावोगावी कार्यक्रम करायचे तर तो गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि फ्रेट नसल्याने सूर सगळा कानाच्या भरवशावर. लिओने दांडीवर फ्रेट बसवले. आता सूर अचूक लागणार, म्हणून वाद्याचं नावही अचूकतेचं. आणि या अचूक वाद्याच्या ब्रिजवर चार तारांना टेकायला सॅडल मात्र दोनच! दोन तारा एका सॅडलवर. खरं तर प्रत्येक तारेला आपल्या जाडीप्रमाणे थोडी वेगळी लांबी लागते, तरच वरच्या फ्रेटवर सूर खरा येतो. इथं एकीचं साधलं की दुसरीचं बिघडतं. १९५७ साली चौघींना चार सॅडल मिळाले तोवर वाजवणारे सुवर्णमध्य काढत राहिले.

१९५७ आधीच्या मॉडेलचे जे रीइश्यू निघतात त्यांत हा दोन सॅडलचा ब्रिज परत आलेला दिसतो. येऊ द्यावा का? जरूर येऊ द्यावा. त्या ब्रिजवर खालचे चार-पाच फ्रेट अगदी चोख बोलतात. वर वर सरकत जावं तसा सूर संशयास्पद होतो. म्हणजे वाद्यच वाजवणाऱ्याला सांगतं, तुझं काम इथं खाली आहे, गाण्याच्या तळाशी. वर जाऊन चमकायचं कारण नाही. त्या काळची बास ऐकावी, ती अशीच खाली पाय रोवून उभी असते. चार सॅडलच्या ब्रिजवर तसं वाजवता येत नाही असं नाही. पण मग खाली राहणं ही आपली मर्जी असते आणि मर्जी कधीही फिरते. निदान माझी तरी फिरते. गायकाने तान घेतली की माझी बोटं बाराव्या फ्रेटकडे धावतात.

लिओच्या आणखी एका चुकीवर तर माझा जीव आहे. जुन्या बासवर बारीक तारेच्या खालच्या अंगाला दोन स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पट्टी असते. लोक बास अंगठ्याने वाजवतील असा लिओचा अंदाज. तेव्हा बाकीची बोटं अडकवायला काहीतरी आधार हवा. लोकांनी तर्जनी-मध्यमेने वाजवायला सुरुवात केली, आणि त्यासाठी आधार हवा होता अंगठ्याला, तोही वरच्या अंगाला. पट्टी बिनकामाची झाली. तरी कारखाना ती वीसेक वर्षं इमानेइतबारे त्याच जागी बसवत राहिला आणि सत्तरच्या दशकात कधीतरी त्याने ती पलीकडे हलवली. तोवर वादकांना अंगठा पिकअपवर नाहीतर त्याच्या झाकणावर टेकायची सवय होऊन गेली होती. रीइश्यूवाले ही पट्टी जुन्या, चुकीच्या जागी बसवतात तेव्हा मला बरं वाटतं. वाद्य बनवणाऱ्याला वाजवणारा कळलेला नव्हता, याची ती लेखी कबुली आहे.

फोमची गोष्ट याच घरातली. ब्रिजवर त्या काळी क्रोमचं मोठं झाकण असे आणि झाकणाच्या आत तारांना टेकणारा फोमचा तुकडा. सूर लांबू नये, डबल बाससारखा धप् करून थांबावा, असा हेतू. म्हणजे ज्या वाद्याचा सूर विजेमुळे मोठा आणि लांब होऊ शकत होता त्याचं तोंड कारखान्यातच दाबलेलं. पुढच्या लोकांनी झाकणं काढली आणि त्यांत सिगारेटी विझवल्या. आजही त्याला ‘अ‍ॅशट्रे’च म्हणतात. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बासवादक जेम्स जेमरसनने मात्र फोम ठेवला. १९६२ ची प्रिसिजन बास, गुळगुळीत वेढ्यांच्या जाडजूड तारा, त्याही सहसा न बदललेल्या. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच की दुसऱ्याला दाबता येऊ नयेत. आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी, जिला लोक ‘हुक’ म्हणत. मला नेहमी वाटतं, सूर लवकर संपतो म्हणूनच त्याला दोन सुरांच्या मधे एवढी मोकळी जागा दिसली असावी. त्या जागेत त्याने मात्रेच्या आगेमागे आणखी सूर पेरले, अडखळल्यासारखे, आणि तरी नाचायला लावणारे. लांब घुमणारी बास हातात असती तर ते सगळं एकमेकांवर चढून नुसता गोंगाट झाला असता.

इथं माझीच रेघ जरा डळमळते हे मान्य करायला हवं. फोम कारखान्याचा, म्हणजे जन्माचा. पण मळून मुरलेल्या तारा आणि त्यांची वाढलेली उंची ही जगण्याची कमाई. जेमरसनच्या आवाजात दोन्ही मिसळलेलं आहे आणि सोडवून काढता येत नाही. ती बास १९८३ मध्ये तो वारला त्याच्या काही दिवस आधी चोरीला गेली, ती पुन्हा सापडली नाही. तेव्हा हुबेहूब नक्कल करायची कितीही हौस असली तरी माप घ्यायला ती कुणाकडे नाही. ‘जेमरसनच्या’ म्हणून तारा मिळतात. भारी जाड, बोटांची परीक्षा पाहणाऱ्या. घ्याव्यात. त्यांवरचा वीस वर्षांचा घाम मात्र आपला आपणच गाळायचा असतो.

आता दोषांचं एवढं गुणगान चाललंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. माझी पहिली बास देशी बनावटीची होती. परदेशी वाद्य तेव्हा आखातातल्या कुणाच्या तरी काकांच्या सामानातून आलं तर यायचं. त्या देशी बासचा नेक मनगटाएवढा जाड. बाराव्या फ्रेटवर उघड्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा; तिथं जे येई त्याला नाव नव्हतं. मिरगाचा पाऊस सुरू झाला की खुंट्या गंजून फिरेनाशा व्हायच्या आणि मी पक्कड घेऊन सूर लावायचो. ऑर्केस्ट्रातले ढोलकीवाले काका म्हणायचे, ‘‘तुझी बास नि माझी शाई, दोन्ही हवामान खात्याकडं.’’ त्या बासमध्ये दोषांची कमतरता मुळीच नव्हती. तिचा रीइश्यू कुणी काढणार नाही, आणि काढायला निघालंच कुणी तर मी आडवा पडेन. तिचे दोष कुठंच नेत नव्हते. बाराव्या फ्रेटवरून हात मागं घ्यावा तर सातव्यावरही तीच कथा.

पावसाळ्यावरून ट्रस रॉड आठवतो. नेकच्या लाकडाच्या पोटात लोखंडाची एक सळई असते. चार तारांचा ताण मिळून पाऊणशे किलोच्या घरात जातो. त्या ताणाने नेक वाकतो, आणि ही सळई आवळून त्याला सरळ करायचा. लाकडी नेकच्या बहुतेक बासना हे करावं लागतं. जुन्या फेंडरमध्ये सळईचा नट डोक्याकडे नसून नेकच्या खालच्या टोकाला, बॉडीच्या खाचेत दडलेला असतो. म्हणजे नेक एक केसभर सरळ करायचा तर आधी तारा सैल करा. बास पालथी घाला. मागचे चार स्क्रू काढा, निदान ढिले तरी करा. नेक वर उचला. त्या नटाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून पाव फेरा द्या. नेक परत बसवा, स्क्रू आवळा, तारा ताणा, सूर लावा, आणि मग एक डोळा मिटून दांडीवरून बघा. जमलं नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. कोरड्या हवेत हे क्वचित करावं लागत असेल; आपल्याकडे जूनमध्ये हवेत पाणी भरलं की नेक एका बाजूला जातो आणि थंडीत लाकूड सुकलं की दुसऱ्या. दर वेळी तेच चार स्क्रू, तीच चार भोकं. काही वर्षांनी भोकांतलं लाकूड भुसभुशीत होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. मग तिथं लाकडाची काडी गोंद लावून ठोका.

कित्येक रीइश्यूंत हा नट कटाक्षाने त्याच जागी ठेवतात. हासुद्धा जन्मदोषच, तेव्हा माझ्या नियमाने परत यायला हवा. पण इथं मी नियम मोडतो आणि मोडताना काही वाटतही नाही. या दोषाला आवाजच नाही. तो ना बोटांना काही शिकवतो ना कानांना. फक्त दुरुस्ती करणाऱ्याची संध्याकाळ खातो. शुद्धतावादी म्हणतात, नेक वारंवार छेडू नये म्हणून ही अडचण मुद्दाम ठेवली होती. असेल. मग त्यांनी एक पावसाळा अलिबागला काढावा.

याच्या उलट गुणगुण. १९५१ च्या प्रिसिजनवरचा पिकअप एकाच कॉइलचा; तो तारेचं कंपन पकडतो तसं आसपासच्या विजेचंही पकडतो, आणि वाजवणं थांबलं की अ‍ॅम्पमधून सतत एक बारीक हंऽऽ येत राहतो. १९५७ मध्ये लिओने कॉइलचे दोन तुकडे करून एकमेकांविरुद्ध जोडले आणि गुणगुण मारली. सुरुवातीच्या मॉडेलच्या रीइश्यूत ती परत येते. आता यातली गंमत आपल्याकडे राहणाऱ्यालाच कळेल. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० फेऱ्यांची. तो सूर पेटीवर शोधला तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडतो, कुठल्याच पट्टीत न बसणारा. आपल्याकडे वीज ५० ची. म्हणजे तीच बास इथं पांढरी पाचच्या किंचित चढ्या सुरात गुणगुणते. गणपतीच्या मांडवात, डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा आणि मागं जनरेटर असताना, अशी बास घेऊन उभं राहावं. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर गुणगुण आधारस्वर असल्याचा आव आणते, जरा चढी लागते एवढंच. काळी चार असेल तर दातात खडा आल्यासारखं होतं. जपानात तर टोकियोत ५० आणि ओसाकात ६०, म्हणजे एकाच दौऱ्यात बास दोन सुरांत गुणगुणणार. कॅलिफोर्नियात घडवलेला दोष इतका प्रामाणिकपणे घडवला, तरी प्लग घातल्यावर तो स्थानिकच होतो!

तंबोरे लावणारे माझे एक स्नेही हे ऐकून म्हणाले, ‘‘अहो, मग आमची जवारी काय वेगळी? तार घोडीला घासते म्हणून तर बोलते.’’ ही तुलना मला फार जणांनी ऐकवली आहे आणि मला ती पटत नाही. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवतो तेव्हा त्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं. एक हात तारेवर, कान घोडीशी. दोन हलके हात कानसेचे, मग तारेखालचा दोरा केसभर पुढं, पुन्हा ऐकणं. जवारी लागली की उघड्या तारेतून सुरांची झालर सुटते. हे सगळं ठरवून, पिढ्यान् पिढ्या शिकून केलेलं काम आहे. त्याला दोष म्हणणं म्हणजे त्या कानसेचा अपमान. डेड स्पॉट कुणी ठरवून केलेला नाही. तो लिओला नको होता, कुणालाच नको होता. त्याच्याभोवती जे काही सुंदर घडलं ते वाजवणाऱ्याने नाइलाजाने घडवलं. पाचव्या फ्रेटवरचा सूर मरतो म्हणून मी तोच सूर शेजारच्या जाड तारेवर दहाव्या फ्रेटला घेतो. तिथं तो जास्त काळा, जास्त गोल येतो. तिथून पुढचा सूरही मग तिथूनच सुचतो. चाल बदलते. अशा किती चाली मेलेल्या सुराला वळसा घालताना सुचल्या असतील!

ओरखड्यांचं काय ते बोलायचं राहिलं. १९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने ‘रेलिक’ नावाची वाद्यं काढली: नवी बास मुद्दाम जुनी करून. जिथं हात घासतो तिथला रंग उडवलेला, कडा ठेचलेल्या, धातूवर गंज चढवलेला. आज कुठल्याही मोठ्या दुकानात अशा बास टांगलेल्या दिसतात आणि त्यांना बिनओरखड्याच्या बहिणींपेक्षा जास्त किंमत पडते. बासवादक जॅको पास्टोरियसच्या बासचीही अशी प्रतिकृती निघाली. जॅकोची बास १९६२ ची जॅझ बास. त्याने फ्रेट उपटून काढले, खाचा भरल्या, आणि खरखरीत तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून फ्रेटबोर्डवर होडीला लावतात तो इपॉक्सी चढवला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका क्लबच्या दाराशी झालेल्या मारहाणीनंतर तो गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. बास वीसेक वर्षांनी सापडली आणि मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहिलोच्या मदतीने घरच्यांकडे परतली. तिच्यावरचा एकेक ओरखडा त्या माणसाच्या धुंद, विस्कटलेल्या दिवसांतला आहे. तो मोजून-मापून दुसऱ्या लाकडावर पाडायचा आणि वर पैसे घ्यायचे, याला मी काय म्हणू? इपॉक्सी द्या, फ्रेट नसलेला नेक द्या. त्या अडचणीतून जॅको कसा गेला हे प्रत्येकाने आपल्या बोटांनी शोधावं. ओरखडे ज्याचे त्याला पडू द्यावेत.

दोष पवित्र मानणाऱ्यांची मात्र मला भीती वाटते. पॉल मॅकार्टनीची हॉफनर घ्या. व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ, पिसासारखी हलकी जर्मन बास. पहिली त्याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये तीसेक पौंडांना घेतली. तिचा ब्रिज बॉडीवर नुसता टेकलेला असतो, तारांच्या दाबाने जागेवर राहणारा, आणि त्यावर सॅडलच्या जागी फ्रेटच्या तारेचे छोटे छोटे तुकडे बसवलेले. वरच्या फ्रेटवर ती सुरात राहत नाही ही मॅकार्टनीची जुनी तक्रार. त्याच्या १९६३ च्या हॉफनरचं हे दुखणं न्यूयॉर्कमधल्या जाणकारांनी नव्वदच्या सुमारास दूर केलं, आणि त्यानंतर तो ती मैफलीत बिनधास्त वाजवू लागला. मालकालाच दोष नको होता! १९७२ मध्ये चोरीला गेलेली ती १९६१ ची पहिली बास परत मिळाल्याची बातमी २०२४ च्या फेब्रुवारीत आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो ती लंडनच्या मंचावर वाजवत होता, अर्थात डागडुजी करून. कुणी म्हणालं नाही की चिरा तशाच ठेवा.

पण त्याने दुखणं दूर केलं ते जवळपास तीस वर्षं त्याच्याबरोबर काढल्यावर. काय काढून टाकतोय हे त्याला माहीत होतं. कारखान्यानेच आधी सगळं दुरुस्त करून दिलं तर नव्या वादकाचा तो निर्णय कुणीतरी परस्पर घेतलेला असतो. रिकनबॅकर कंपनीने यावर एक नमुनेदार तोड काढली. तिच्या ४००१ बासमध्ये ब्रिजकडच्या पिकअपच्या वाटेवर ०.००४७ मायक्रोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर होता. तो खालचे सूर अडवायचा आणि आवाज कडक, तारेसारखा पातळ यायचा. पुढं कंपनीने तो काढून टाकला, बास भरदार बोलू लागली, आणि लोक जुन्या पातळ आवाजासाठी कपॅसिटर परत डाखून घेऊ लागले. अखेर कंपनीने तो ४००३ मध्ये टोनच्या खुंटीला जोडला: खुंटी वर ओढली की कपॅसिटर चालू, दाबली की बंद. दोष हवा तेव्हा ओढा. हुशारीला दाद द्यावी, आणि मी स्वतः ती खुंटी बहुतेक वेळा ओढलेलीच ठेवतो. तरी मनात येतं, बंद करता येणाऱ्या अडचणीतून वाट काढायची वेळच कुणावर येत नाही.

थंडरबर्डबद्दल जास्त बोलत नाही. मोटारींचं डिझाइन करणाऱ्या रे डिट्रिकने गिब्सनसाठी १९६३ मध्ये ती काढली, देखणी आहे, आणि डावा हात सोडला की मान टाकते. ती रीइश्यूतही मान टाकतेच. खांदा दुखतो. पुढे चला.

१९८० च्या आसपास नेड स्टाइनबर्गरने तर बासचं डोकंच उडवलं. खुंट्या खालच्या टोकाला नेल्या, लाकूड हद्दपार करून नेकपासून बॉडीपर्यंत सगळं ग्राफाइट आणि रेझिन. डेड स्पॉट जवळजवळ गेला. पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक सूर सारख्याच तब्येतीचा. रश बँडचा गेडी ली ऐंशीच्या दशकात काही वर्षं ती वाजवत होता. १९९३ च्या ‘काउंटरपार्ट्स’ या अल्बमच्या वेळी मात्र तो आपल्या १९७२ च्या फेंडर जॅझ बासकडे परतला, मिशिगनमधल्या कॅलमझूच्या एका गहाणवटीच्या दुकानातून दोनशे डॉलरला उचललेल्या. स्टाइनबर्गर वाईट होती असं मी म्हणत नाही. मी एकदा वाजवली आहे. अर्ध्या तासात तिच्याविषयी विचारण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही.

खरं म्हणजे डेड स्पॉटचा रीइश्यू काढायची गरजच नसते. मेपलचा नेक करा, टोकाला चार खुंट्या लटकवा, तो आपोआप येऊन बसतो, आणि प्रत्येक बासमध्ये थोडा वेगळ्या जागी. १९६० च्या दोन बास शेजारी ठेवल्या तर एकीचा मेलेला सूर पाचव्या फ्रेटवर, दुसरीचा सहाव्यावर. त्यातला ‘अस्सल’ कुठला? पिकअपचंही तेच. प्रिसिजनच्या पिकअपवर केसासारख्या तांब्याच्या तारेचे सुमारे दहा हजार वेढे असतात. अबिगेल इबारा ही बाई १९५६ पासून फेंडरमध्ये हे काम करत होती, २०१३ मध्ये निवृत्त झाली. तार बोटांतून सोडताना तिचा हात जसा हलेल तसे वेढे पडायचे, कधी दाट, कधी विरळ. तिच्या हातचे पिकअप लोक शोधून शोधून घेतात. आता हा विस्कळीतपणा यंत्राला शिकवून ठेवता येतो. यंत्र ठरल्याप्रमाणे चुकतं, प्रत्येक पिकअपवर त्याच त्या जागी. तो आवाज ऐकून फरक सांगता येईल असा माझा दावा नाही. पण पैसे मोजायचे तर हलणाऱ्या हाताला मोजीन.

येत्या वर्षी एक रीइश्यू घ्यायचा मनात आहे, पन्नासच्या दशकातल्या मॉडेलचा, एका कॉइलचा, दोन सॅडलचा. दुकानदाराला पहिला प्रश्न ट्रस रॉड कुठून फिरतो हा विचारणार आहे, आणि उत्तर नको ते आलं तर भाव पाडून मागणार आहे. ओरखडे एकही नको. आणि ती पट्टी त्या चुकीच्या बाजूलाच हवी. तिच्यात चार बोटं अडकवून काही महिने नुसत्या अंगठ्याने वाजवायचा बेत आहे. गिटार न येणाऱ्या त्या माणसाच्या कानात बास कशी वाजत होती, ते बघायचंय.